तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

"नको म्हणजे नको," असं म्हणून लेनानं ताटावर दोन्ही तळवे आडवे धरले आणि मंजुळाच्या हातातला पिठल्याचा डाव वरच्या वर राहिला. लेनाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मंजुळाला काही वाटलं नसतं, रागाशी तिची जन्माची ओळख होती; पण हा आवाज दाराला कडी घालावी तसा सरळ होता. डावातून एक थेंब ओघळून पोरीच्या मनगटावर पडला. गरम असणार. तिनं तो पुसला, मंजुळाकडं बघून हसली आणि हात पुन्हा होते तिथं ठेवले. सात आठवडे ही सतरा वर्षांची जर्मन पोर उस्मानपुऱ्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जेवत होती, मंजुळाच्या लेकीच्या, प्रांजलीच्या जागेवर बसून, प्रांजलीच्या ताटात. आणि सात आठवडे रोज ती नको म्हणायची नि मंजुळा वाढायची, ती पुन्हा नको म्हणायची नि मंजुळा 'अगं घे, लाजती काय' म्हणून आणखी अर्धी भाकरी टाकायची, आणि पोर ती खायची. नको म्हणत म्हणत खायची, त्यात मंजुळाला काही वावगं वाटलं नव्हतं, उलट पोर वळणाची आहे असंच ती खाली भाजीवाल्या बायांना सांगत आली होती. पलीकडं दाढी करत असलेला तिचा नवरा मल्हारी आरशातूनच म्हणाला, "अगं, पाहुणी हाय का पोळ्याचा बैल हाय ती? किती चारशील?" एरवी मंजुळानं त्याचं त्याला तिथल्या तिथं परत केलं असतं. आज तिनं डाव पातेल्यात ठेवला आणि लेनाला विचारलं, "हे कुणी शिकवलं गं तुला?"

"सुकेशनी मॅडम," लेना म्हणाली. ती मराठीचा एकेक शब्द पायरी चाचपल्यासारखा टाकायची. "मॅडम बोलल्या, इथं जोरात सांगावं लागतं. आमच्या घरी तसं नाही. आई एकदा विचारते. मी एकदा बोलते. झालं."

झालं, असं म्हणून पोर उठली, आपलं ताट आपण घासायला घेऊन गेली, नळाचं पाणी सुरू झालं. मंजुळा ओट्याला टेकून उभी राहिली. आमच्या घरी आई एकदा विचारते. आमच्या घरी म्हणजे जिथं आज प्रांजली आहे. कॉलेजच्या सुकेशनी मॅडमनी ही अदलाबदल जुळवून आणली होती, इथली पोर दहा महिने तिकडं शिकायला आणि तिकडची इथं, दोन्ही घरांनी एकमेकांची लेक सांभाळायची. लेनाची आई बिर्गिट, तिच्या घरात मंजुळाची लेक जेवत होती. आणि ती लेक कुणाच्याही घरी, अगदी सख्ख्या मावशीच्या घरीसुद्धा, पहिल्यांदा विचारलं की काय म्हणते हे मंजुळाइतकं कुणाला ठाऊक होतं? नको म्हणते. पोट पाठीला लागलेलं असलं तरी नको म्हणते. चार वर्षांची असताना एका लग्नात तिनं पहिल्याच विचारण्याला जिलबीला हात पुढं केला होता तेव्हा मंजुळानं तिला मांडीवरच चिमटा काढला होता, पोरीचे डोळे भरून आले होते, आणि वाढपी पुढं निघून गेला होता. परत आला होता म्हणा तो. परत येतातच. परवा, शुक्रवारी, प्रांजलीचा मेसेज आला होता: आई, दिवाळीला परत आले तर चालेल का. कारण काही नाही. मल्हारीनं तो वाचून मोबाइल परत दिला होता, "घर आठवायलं असंल. नवं हाय अजून. बोलू आयतवारी," म्हणाला होता, आणि तिलाही ते पटलं होतं, घर आठवतं म्हणजे माया आहे. कारण काही नाही, हे तिनं दहादा वाचलं होतं आणि दहाही वेळा त्यात तिला काहीच दिसलं नव्हतं. आता त्याच तीन शब्दांकडं बघायची तिला भीती वाटायला लागली.

आज रविवार. दुपारी चारला फोन. तिकडं तेव्हा साडेबारा वाजतात, सगळी मंडळी सुट्टीच्या दिवसाचं गरम जेवण जेवायला टेबलाभोवती बसतात. आत्ता सव्वानऊ. देवळात सप्ताहाचा शेवटचा दिवस होता आणि दहाला काल्याचं कीर्तन. मंजुळा काल्याच्या दिवशी काला तोंडात पडेपर्यंत काही खात नसे, चहासुद्धा नाही, लग्नाआधीपासूनचा नेम. तिनं लुगडं बदललं, कुंकू लावलं, जिना उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून मोजतोय. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस. दिवसातून दोन जेवणं म्हटलं तरी. पुढं तिनं मोजायचं थांबवलं, नव्हे, थांबवायचा प्रयत्न केला. समोरून गाड्या जात होत्या, चहाच्या टपरीवर कुणी कुणाला "अरे भाई, बैठ ना, दो मिनट" म्हणून हाताला धरून बसवत होतं, तो नाही नाही म्हणत बसत होता. सगळं गाव असंच तर चालतं. नाही म्हणायचं आणि बसायचं. हे जगात सगळीकडंच असतं असं आपण कसं धरून चाललो? पोरीला विमानात बसवताना आपण काय काय सांगितलं होतं, थंडीचं, कागदपत्रांचं, देवाचं नाव घ्यायचं, आणि शेवटी, अगदी शेवटी, तिच्या कानाशी तोंड नेऊन: "परक्याचं घर हाय बाळा. हावरेपणा करायचा नाय. आपल्या वळणानं ऱ्हायचं." प्रांजली म्हणाली होती, "व्हय गं आई." तिचं ते व्हय आता मंजुळाच्या कानात पुन्हा वाजलं, इतकं शहाणं, इतकं आज्ञाधारक की तिला वाटलं, पोर जरा वांड असती तर बरं झालं असतं.

देवळाच्या मंडपात बायांची बाजू गच्च भरली होती. तिला जागा मिळाली ती पखवाजाच्या जवळ, आणि पहिली थाप पडली तशी ती नेहमी आत, छातीच्या हाडाखाली कुठंतरी लागायची तशीच लागली. पण आज पोट रिकामं होतं आणि थाप तिथंच घुमत राहिली. उपास तिला नवा नव्हता. तरी आजची भूक उपासाची वाटेना. उपासाच्या भुकेला धनी असतो, ती आपण देवाला दिलेली असते. ही भूक तशी नव्हती. हिची चव तिला ओळखीची होती, जिभेखाली तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी, आणि ती चव कुठली हे आठवायच्या आत तिनं मन मागं ओढलं. नाय. ते नाय. टाळ वाजत होते, माणसं डोलत होती, आणि मन मागं ओढता ओढताच ती त्या घरात जाऊन पोहोचली.

नऊ वर्षांची होती ती. मेंढरं दिवाळीनंतर गोदाकाठाला उतरायची आणि एका पाटलाच्या रानात महिनाभर बसायची, लेंडीखताच्या बदल्यात पाटील धान्य द्यायचा. त्या वर्षी मंजुळाचा बाप, सांडू, पाटलाला म्हणाला होता, पोरगी हुशार हाय, मेंढरामागं फिरून हिची शाळा व्हायची नाय, तुमच्या घरी ठेवता का उन्हाळ्यापत्तर? पाटलीणबाई, गीताकाकी, दारातूनच म्हणाल्या, ठेवा की, खायला चार तोंडं तिथं पाचवं. सांडूनं जाताना तिला बाभळीखाली उभं करून सांगितलं होतं. त्याच्या अंगाला लोकरीचा वास होता आणि तो वास तिला सोडून चालला होता. "हे बघ, आपण धनगरं. रानात कुणाच्या उपकारात नाय. कुणी जेव म्हणलं की पयल्यांदा नको म्हणायचं. पयल्यांदा माणूस रीत म्हणून विचारतो. दुसऱ्यांदा तुला पारखून बघतो. तिसऱ्यांदा मनापासून विचारतो. तिसऱ्याला घ्यायचं." तिला ते इतकं आवडलं होतं, एखाद्या गुप्त खुणेसारखं. आणि गीताकाकी खरोखर तीनदा विचारायच्या. "घे गं पोरी." नको. "घे म्हणते ना." नको काकी. "आता घेती का देऊ एक?" आणि मग दोघी हसायच्या आणि ताट भरायचं. मंजुळाला वाटायचं, आपल्या बापाला जगातलं सगळं माहीत आहे. चार महिने असे गेले. बाराखडी पाठ झाली, पाढे झाले, गुरुजी तिला फळ्यापाशी बोलवायचे. मग गीताकाकी बहिणीच्या लग्नाला माहेरी गेल्या, पंधरा दिवसांसाठी, आणि त्यांची नणंद चतुराबाई चुलीपाशी आली. चतुराबाई वाईट नव्हती. हे मंजुळा नंतर आयुष्यभर स्वतःला सांगत आली, वाईट नव्हती, तिच्यामागं घरची दारची शंभर कामं होती. ती विचारायची, वाढू का? मंजुळा म्हणायची, नको. बरं, म्हणून ती पुढं जायची. एकदाच वाढलेली चतकोर भाकरी संपलेली असायची, आणि मंजुळा रिकाम्या ताटासमोर बसून दुसऱ्या विचारण्याची वाट बघायची, भाकरीच्या टोपलीकडं न बघता, कारण बघितलं तर ते मागितल्यासारखंच झालं असतं.

चौथ्या दिवशी शाळेत फळ्यावरची अक्षरं हलायला लागली. मुंग्यांसारखी ओळ सोडून चालायला लागली. ती पाटी तिथंच ठेवून उठली आणि चालत निघाली, विचारत विचारत, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत, बापाच्या तळापर्यंत. सांडू मेंढी पिळत होता. "का गं आलीस?" "शाळा आवडत नाय." त्यानं मेंढी सोडून दिली. मग म्हणाला, "नाय तर नाय." तेवढंच. शाळा संपली ती तिथं. गीताकाकींनी निरोपावर निरोप पाठवले, पोरीला काय झालं, कुणी बोललं का, कुणी मारलं का. आणि ती म्हणत राहिली, काही नाय. कारण काही नाय.

मंडपात माणसं हसली. बुवांनी काहीतरी चेष्टा केली असणार. मंजुळानं दचकून वर बघितलं. बुवा तरुण होते, धोतराचा सोगा सावरत गवळ्यांच्या पोरांचं सोंग करत होते, कुणाच्या शिदोरीत काय ते नाकाला लावून सांगत होते. कुणाची शिळी भाकरी, कुणाची कण्यांची, कुणाची नुसती मिरची. "आणि मायबापहो, या सगळ्यात बिनशिदोरीचा आला होता कोण? ज्याच्या घरी लोणी शिंक्यात मावत नाही तो! घरून काही न आणता आला. का? तर मागता यावं म्हणून. पेंद्या, तुझी भाकर दे. दे की रे. हात पुढं! देवाचा हात पुढं, आणि गुराख्याचा हात वर! लाज नाही वाटली देवाला? मागायची लाज परक्याच्या दारात. जिथं मागता येतं ते घर आपलं, आणि जिथं मागता येत नाही तिथं, माउली, सोन्याच्या ताटात वाढलं तरी माणूस उपाशीच." पखवाजानं तोडा घेतला, टाळकरी उड्या मारायला लागले, वरच्या दहीहंडीची दोरी हलली. आता पाच-दहा मिनिटांत हंडी फुटणार, काला वाटणार. मंजुळा उठली. शेजारच्या बाईनं तिचा पदर धरला, "अगं येडी का खुळी, आत्ता काला व्हतोय, कुठं चाललीस?" काल्याच्या कीर्तनातून काला न घेता उठणं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, स्वतः करणं तर लांबच. पांडुरंगा, माफ कर, असं ती म्हणाली असेल किंवा नुसते ओठ हलले असतील. माणसांच्या गुडघ्यांमधून, पायांमधून वाट काढत ती बाहेर पडली, आणि मागं हंडी फुटल्याचा, लोकांच्या गजराचा आवाज झाला तेव्हा ती चपला शोधत होती.

घरी लेना पंख्याखाली वही घेऊन बसली होती. मल्हारी गुलमंडीला गेला होता, चादरींच्या दुकानात माल उतरायचा होता, तीन वाजता येतो म्हणून. मंजुळा खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांपुढं जरासं काळं आलं. पायऱ्या भराभर चढली म्हणून असेल. लेना उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आली. "काकू, तुम्ही खाल्लं नाही सकाळपासून. बिस्किट?"

"नको गं."

"ओके," लेना म्हणाली आणि पुडा आत घेऊन गेली.

मंजुळाचा हात अर्धा उचललेला होता. तो आपण उचलला हे तिला तेव्हा कळलं जेव्हा पुडा तिथं नव्हता. आत डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला. लेना परत आली, वही उघडून बसली, पेन्सिलीचं टोक ओठाला लावून काही आठवायला लागली. तिच्या चेहऱ्यावर माया होती, पाहुणचार केल्याचं समाधान होतं, कसलाही कमीपणा नव्हता. विचारलं, नको म्हणाल्या, ठेवलं. मंजुळा तिच्याकडं बघत राहिली. आणि तिला ते सगळं दिसलं, जसंच्या तसं: एक लांबरुंद टेबल, मधे भांडं, बिर्गिटबाई हसून काही विचारते, प्रांजली हसून मान हलवते, भांडं पुढं जातं. प्रांजलीचा हात मांडीवर आहे. तो उचललेला नाही. उचलायचा नाही असं तिला शिकवलंय. ती थांबते. बाकीचे बोलतायत, परक्या भाषेत, पुढच्या पुढच्या गोष्टी, आणि ती दुसऱ्या विचारण्याची वाट बघत हसऱ्या तोंडानं बसून आहे. आणि हे आपणच केलं. इथं आपण दुसऱ्याच्या लेकीला तिचं पोट दुखेपर्यंत चारलं आणि तिथं आपल्या लेकीला उपाशी ठेवलं, एकाच हातानं.

"लेना," तिनं विचारलं, "तुझी आई प्रांजलीबद्दल काय म्हणती गं?"

लेनानं पेन्सिल खाली ठेवली. बोलावं की नाही असं तिच्या तोंडावर आलं. "आई जरा दुःखी आहे," ती म्हणाली. "ती बोलते, प्रांजलीला माझं जेवण आवडत नाही. तिनं इंडियन पुस्तक पण आणलं, रेसिपीचं. भात करते, डाळ करते. प्रांजली थोडं खाते आणि बोलते, थँक्यू, नको." मग तिनं एकदम विचारलं, "काकू, मी सकाळी हात ठेवला. तुम्ही रागावल्या? मला पोटात दुखतं रोज. पण मी घाबरत होते. तुम्ही इतकं प्रेमानं देता."

मंजुळानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दोन पोरी, दोन्ही घाबरलेल्या, आणि दोन आया, एकीला वाटतंय आपलं अन्न नावडतं, एकीला वाटतंय पोर वळणाची आहे.

तीनला मल्हारी आला. तिनं त्याला सांगितलं, तुटक तुटक, आणि तो पाय धुता धुता थांबला. आधी हसला. मग हसणं बंद झालं. "मेसेज त्याच्यापायी असंल म्हणतीस?" "दुसरं कशापायी?" तो टॉवेल हातात घेऊन तसाच बसला. लेना बाल्कनीत होती, तिच्याकडं बोट करून मंजुळा म्हणाली, "हिला सांगते, आईला फोन करून सांग म्हणावं. म्हणावं, माझ्या लेकीला तीनदा विचारा." "नाय," मल्हारी म्हणाला. "असं करू नको. त्या बाईला काय वाटंल? दोन महिने पोरीला उपाशी ठेवलं असा आळ आला की तिच्यावर. आणि प्रांजली? मागून कळलं की आपल्या आईनं आपल्या भुकेची बोंब परक्याच्या घरी मारली, तर ती पोर उद्याच बॅग भरंल. ती माझ्यावर गेलीय, लई मानी हाय." तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच वाईट होतं. सांगितलं तर पोर लाजेनं परत येईल, नाही सांगितलं तर भुकेनं. परत येईल आणि विमानतळावर विचारलं तर म्हणेल, कॉलेज आवडलं नाही. आपण म्हणू, नाही तर नाही. आणि मग तीस वर्षं. तीस वर्षं ती कुठल्यातरी ओट्यापाशी उभी राहून लोकांना वाढत राहील. मंजुळानं घड्याळाकडं बघितलं. साडेतीन. तिला एकदम वाटलं फोन लागूच नये. लागला नाही तर आजचा दिवस तरी सरेल. मग तिला स्वतःची चीड आली, ती उठली, देवापुढचा दिवा नीट करून आली, परत बसली, परत उठली. मल्हारी म्हणाला, "खाऊन घे की काहीतरी, तोंड बघ कसं झालंय." ती "नको" म्हणाली.

चारला पडद्यावर प्रांजली आली. मागं खिडकी, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या, आणि एका कडेला बिर्गिटबाईचा हात, तो आधी हलला, मग सगळी बिर्गिटबाई वाकून आत आली आणि म्हणाली, "नमस्टे, नमस्टे!" लेनानं इकडून हात हलवला. टेबलावर ताटल्या होत्या. मंजुळाचे डोळे प्रांजलीच्या ताटलीवर गेले. पांढरी, मोठी, त्यात एका कडेला बटाट्याचा तुकडा आणि काटा आडवा ठेवलेला, जेवण झाल्याच्या खुणेसारखा. बाकीच्यांचे काटे चालू होते.

"आई, आज काल्याचं कीर्तन होतं ना? बुवा कोण होते?"

"मी अर्ध्यातून उठून आले."

"तू?" प्रांजलीचं तोंड उघडंच राहिलं. "काल्याच्या कीर्तनातून? बरं नाही का तुला? पप्पा कुठंयत?"

"इथंच हाय मी," मल्हारी बाजूनं म्हणाला. "बोल तिच्याशी."

"बाळा," मंजुळा म्हणाली, "तिथं आपली भाषा कुणाला कळत नाय ना? मग खरं सांग. तुला भूक लागलीय?"

"जेवले की गं आत्ताच. लई झालं."

"ते लोक जेवायलेत अजून."

प्रांजली हसली, आणि ते हसू मंजुळाला पाठ होतं, ते तिचं स्वतःचं होतं. त्याच्यापुढं विचारून काही मिळणार नव्हतं. दहादा विचारलं तरी पोर दहादा जेवले म्हणेल. मंजुळानं फोन दोन्ही हातांनी धरला. जे सांगायचं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांडू मरायला टेकला होता तेव्हा त्याच्या उशाशी बसूनही सांगितलं नव्हतं. आणि शेजारी मल्हारी होता, ज्याला वीस वर्षं वाटत आलं होतं की आपल्या बायकोला लहानपणी अभ्यासाचा कंटाळा होता. "मी नऊ वर्षांची व्हते तवा शाळा सोडली ना," ती म्हणाली, "शाळा आवडत नव्हती म्हणून नाय सोडली. लई आवडायची. उपाशी व्हते म्हणून सोडली. ज्या घरी राहिले व्हते तिथल्या बाईनं एकदाच विचारलं आणि मी नको म्हणले. चार दिवस नको म्हणले. भाकरीची टोपली इथून तिथं एवढ्या अंतरावर व्हती. एक शब्द बोलले असते तर त्या बाईनं चार भाकरी घातल्या असत्या ताटात. मी पळून आले आणि कुणाला सांगितलं नाय. बापाला वाटलं त्यानं शिकवलेलं मी पाळलं. मी पाळलंच. आणि मग तेच तुला शिकवलं."

मल्हारीनं तिच्याकडं मान वळवली. पडद्यावर प्रांजलीचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. "आई, त्या लई चांगल्यायत गं," ती हळू म्हणाली. "खरंच. त्या एकदाच विचारतात. मी नको म्हणते आणि थांबते. मला वाटतं आता विचारतील. तोवर भांडं आत जातं. मग सगळ्यांसमोर कसं मागायचं? त्यांना वाटंल आधी नको म्हणाली, आता मागायलीय. पहिल्या आठवड्यात मागितलं असतं तर झालं असतं, आता दोन महिन्यांनी कसं मागू? कॉलेजवरून आले की खोलीत चिवडा खाते. तो पण संपला मागच्या आठवड्यात." तिनं नाक ओढलं. कडेला बिर्गिटबाईचा हात आला, प्रांजलीच्या खांद्यावर ठेवला गेला, तिनं काही विचारलं. प्रांजलीनं मान हलवली. काही नाही, असंच म्हणाली असणार. कुठल्याही भाषेत ते असंच दिसतं.

लेना तोंड उघडून फोनकडं वाकली होती. तिला निम्मंअर्धं कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. मंजुळानं तिचा दंड धरला. तिचं एक वाक्य, तिच्या भाषेतलं, आणि सगळं मिटलं असतं. पण मिटलं असतं ते आजच्यापुरतं. "तू नको," ती लेनाला म्हणाली, आणि फोनकडं वळून: "बाळा, तुझ्या आजोबानं सांगितलेलं मी आज मोडते. पाप लागलं तर मला लागंल. माग. माझ्यासमोर माग. त्या बाईला वाटतंय तुला तिच्या हातचं आवडत नाय. दोन महिने तिला तसं वाटतंय. तिच्यासाठी तरी माग."

मंजुळाला वाटलं फोन अडकला. मग प्रांजलीनं डोळे पुसले आणि मान कडेला वळवली. ती बोलली ते चार-पाच शब्द असतील. मंजुळाला त्यातला एकही कळला नाही, आवाज मात्र कळला, तो आवाज तिनं प्रांजली बोबडं बोलायची तेव्हा ऐकला होता आणि नंतर कधी नाही. टेबलावरचे काटे थांबले. बिर्गिटबाई काही म्हणाली, आश्चर्यानं, मग भराभर आणखी काही, आणि कुठंतरी पडद्याबाहेर बोट दाखवलं. "माझी आई बोलते," लेना मंजुळाच्या कानाशी म्हणाली, "किचनमध्ये गॅसवर आहे. जा, पाहिजे तेवढं घे. विचारू नको."

परक्या बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन, तिच्या गॅसवरच्या भांड्याला आपणहून हात लावायचा. एवढं तर मंजुळानंही म्हटलं नव्हतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, तुम्हीच वाढा ना तिला, एकदा, आजच्या दिवस. प्रांजली आईकडं बघत होती. मंजुळानं तिला हो म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. तिच्याच्यानं तेवढंच झालं.

खुर्ची मागं सरकली. पडद्यावर नुसती खुर्चीची पाठ राहिली आणि खिडकीतली लाल फुलं. मल्हारीनं पुढं होऊन बघितलं, "गेली कुठं?" "गप बसा," मंजुळा म्हणाली आणि फोन कानाला लावला. पावलं ऐकू आली, लाकडी जमिनीवरची, लांब जाणारी. मग काहीच नाही. पोर त्या भांड्यापुढं उभी असणार. मग झाकण निघालं. डाव भांड्याच्या काठाला लागला, एकदा. मंजुळानं फोन कानाशी आणखी दाबला. आणि मग, जरा थांबून, दुसऱ्यांदा.